दोष नको, बचाव हवा

महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे (1882-1953) मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पत्नी मालतीबाईंची साथ होती. पण या कामापायी प्राध्यापकी गेली. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते गुप्तरोगांविषयीही उघडपणे लिहू लागले. लोक या रोगांना पापाचे फळ मानत आणि लाजेपोटी लपवत. लपवलेला रोग मग घरात पत्नीला व होणाऱ्या बाळालाही गाठत असे. कर्वे यांच्या लेखी हा नीतीचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न होता. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मासिक मात्र कर्व्यांच्या निधनापर्यंत चालले.

आज सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमातून नव्या सुया आणि पर्यायी औषध दिले जाते, त्यामागे हीच दृष्टी आहे. व्यसन सुटायला वेळ लागतो. तोवर एकाची सुई दुसऱ्याने वापरली नाही, तर एचआयव्ही आणि 'हिपॅटायटिस सी'चा फैलाव रोखता येतो.