काळापहाडाचे जनक : बाबूराव अर्नाळकर



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणा, असे गुरुजींनी सांगितले. कुणी सावित्रीबाई घेतल्या, कुणी गाडगेबाबा. मी बाबूराव अर्नाळकर म्हणाले, तर सगळा वर्ग हसला. हे नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. पण आमच्या आबांना विचारा! ते नाव ऐकलं की आबा खाटेवर उठून बसतात.

बाबूरावांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा जन्म झाला. वसईच्या उत्तरेला विरारजवळ समुद्रकाठी अर्नाळा नावाचे गाव आहे. तिथल्या बेटावरचा किल्ला मराठ्यांनी 1737 साली जिंकला होता. या गावावरून त्यांनी अर्नाळकर हे नाव घेतले आणि पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना त्याच नावाने ओळखू लागला.

मुंबईत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. लिहिण्यावर पोट भरणे तेव्हाही सोपे नव्हते. दुकान सांभाळून ते रहस्यकथा लिहीत. किती लिहिल्या असतील? दहा नाही, वीस नाही, हजारावर! गिनीज बुकातही त्यांची नोंद झाली. मी पाटीवर गणित मांडून पाहिले. पंचेचाळीस वर्षे धरली तरी वर्षाला 22 पुस्तके होतात, म्हणजे सुमारे 16 दिवसांना एक. आपल्याला सोळा दिवसांत एक निबंध होत नाही, बघा.

त्यांच्या पुस्तकांत धनंजय नावाचा हुशार गुप्तहेर आहे आणि छोटू हा त्याचा मदतनीस. पण लोकांचा जीव जडला तो काळापहाड आणि झुंजार यांच्यावर. काळापहाड म्हणजे चंद्रवदन. लोकांत वावरताना सभ्य गृहस्थ, पण पोलीस त्याच्या मागावर! झुंजारचेही तसेच, आणि त्याची बायको विजया त्याच्या बरोबरीने धाडस करते. हे दोघे कायद्याच्या पलीकडचे, पण गरिबाच्या वाटेला जात नाहीत. लबाडांना लुटतात आणि खरा गुन्हेगार कोण, ते स्वतःच शोधून काढतात.

असे गोड बोलणारे, चलाख चोर परदेशातही झाले. इंग्लंडमध्ये हॉर्नंग यांचा रॅफल्स 1899 साली पुस्तकात आला. फ्रान्समध्ये मॉरिस लब्लाँ यांनी 1905 साली आर्सेन लुपिन आणला. लुपिन तर चोर असून पुढे गुप्तहेराचीही कामे करतो. बाबूरावांवर इंग्रजी रहस्यकथांचा प्रभाव होता. पण त्यांनी आपल्या कथा मराठी नावांच्या माणसांत आणि आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर आणल्या. त्यामुळे वाचणाऱ्याला त्या परक्या वाटल्या नाहीत.

मोठी माणसं मात्र या पुस्तकांना नाकं मुरडायची. वाचनालयातून एका दिवसाच्या भाड्याने पुस्तक आणायचं आणि अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचं, अशी तेव्हाच्या मुलांची तऱ्हा. माझ्या आईनेही विचारलं, की चोराची गोष्ट कशाला लिहितेस गं? त्याचं उत्तर आबांनी दिलं.

1972 साली मोठा दुष्काळ पडला. आपला जालना जिल्हा 1981 साली झाला, तेव्हा हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. आबा तेव्हा बावीस वर्षांचे. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. शाळा दुसरीतच सुटलेली, अक्षरं पार विसरलेली. कामावर शेजारच्या गावचा एक पोरगा होता, सातवी शिकलेला. त्याच्याजवळ बाबूरावांचं एक पुस्तक होतं. रात्री कंदिलाजवळ तो मोठ्यानं वाचायचा आणि सुकडी खाता खाता पंधरा-वीस माणसं ऐकायची. दिवसभर हात फुटेस्तोवर खडी फोडायची आणि मोजणीत ती कमीच भरायची. अशा माणसांना, लबाडाला कुणीतरी लुटतंय हे ऐकून लई बरं वाटायचं, असं आबा सांगतात.

पुस्तक पातळ होतं. त्यांनी ते पाच वेळा ऐकलं. मग तो पोरगा पोट भरायला मुंबईला गेला आणि जाताना पुस्तक आबांना देऊन गेला. आबांना गोष्ट तोंडपाठ होती. ते ओळीखाली बोट धरून आठवतील तसे शब्द जुळवत गेले. काळापहाड हे नाव त्यांना आधी ओळखू आलं, कारण ते पानापानावर होतं. त्यातला क, ळ, प, ह घेऊन बाकीचे शब्द सोडवले. चार महिन्यांत आबा वाचायला लागले. पुढे सोसायटीच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला नाही, सही केली. चोराच्या गोष्टीने आबांचं काही चोरलं नाही, उलट अक्षरं दिली.

बाबूराव 1996 साली वारले. त्यांच्या निवडक कथा आता पुन्हा छापल्या गेल्या आहेत. त्यांनी पाहिलेली माणसं मोजता येतील, पण न पाहिलेल्या किती माणसांना त्यांनी वाचायला लावलं, ते कुणी मोजणार? म्हणून मी त्यांना थोर म्हणते.

आता एक विनंती. आबांच्या त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं आणि शेवटची पानंही नव्हती. काळापहाड एका बंगल्यात शिरतो, दिवे जातात आणि पान संपतं. पुढं काय झालं, ते आबांना पन्नास वर्षांत कळलेलं नाही. पुस्तकाचं नावही ठाऊक नाही. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अक्षरं दिसत नाहीत. पालकहो, तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत बाबूरावांचं एखादं पुस्तक असेल तर शाळेत आणून द्या. तेच निघालं तर उत्तम, दुसरं निघालं तरी चालेल. आता वाचायची पाळी माझी आहे.