सिंगमन ऱ्ही

सिंगमन ऱ्ही (२६ मार्च १८७५ – १९ जुलै १९६५) हे कोरियन स्वातंत्र्यचळवळीतील नेते व दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. कोरियन भाषेत त्यांच्या नावाचा उच्चार ई सुंग-मान असा होतो. १९४८ ते १९६० अशी १२ वर्षे ते सत्तेवर होते. कोरियाची फाळणी, १९५० ते १९५३ मधील कोरियन युद्ध आणि युद्धोत्तर दक्षिण कोरियाची जडणघडण या तिन्ही घटनांवर त्यांच्या निर्णयांचा खोल ठसा आहे.

पूर्वायुष्य

ऱ्ही यांचा जन्म ह्वांगहे प्रांतात झाला. हा प्रदेश आज उत्तर कोरियात मोडतो. त्यांचे घराणे जोसॉन राजवंशाशी नाते सांगणारे असले, तरी घरची स्थिती बेताची होती. बालपणीच कुटुंब राजधानी सोल येथे आले. पारंपरिक चिनी ग्रंथांचे अध्ययन केल्यानंतर त्यांनी मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षण घेतले. राजसत्तेत सुधारणा व्हाव्यात यासाठी झटणाऱ्या स्वातंत्र्य मंडळात ते सामील झाले. १८९९ मध्ये त्यांना अटक होऊन पुढे जन्मठेपेची शिक्षा झाली. कारावासात त्यांचा छळ झाला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि स्वातंत्र्याच्या तत्त्वांविषयी एक ग्रंथही लिहिला. १९०४ मध्ये त्यांची सुटका झाली.

परदेशातील लढा

सुटकेनंतर ते अमेरिकेस गेले. १९०५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची भेट घेऊन कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी साहाय्य मागितले. परंतु ते मिळाले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन, हार्वर्ड व प्रिन्स्टन या विद्यापीठांत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९१० मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. ऱ्ही काही काळ मायदेशी राहून पुन्हा परदेशी गेले व हवाई बेटांवरील कोरियन वसाहतीत त्यांनी शिक्षण आणि संघटनेचे काम केले.

१९१९ च्या १ मार्च रोजी कोरियात जपानविरोधी आंदोलन उसळले. त्यानंतर शांघाय येथे स्थापन झालेल्या हंगामी सरकारचे ते अध्यक्ष झाले; मात्र सहकाऱ्यांशी तीव्र मतभेद झाल्याने १९२५ मध्ये त्यांना महाभियोगाद्वारे पदावरून दूर करण्यात आले. सशस्त्र लढ्यापेक्षा महासत्तांचे मन वळवण्यावर त्यांचा भर होता.

फाळणी आणि राष्ट्राध्यक्षपद

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. ३८ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या उत्तरेस सोव्हिएत आणि दक्षिणेस अमेरिकन सैन्याचा ताबा आला. सत्तरीत आलेले ऱ्ही ऑक्टोबरमध्ये सोलला परतले. जून १९४६ मध्ये त्यांनी दक्षिणेत स्वतंत्र सरकार स्थापण्याची कल्पना उघडपणे मांडली. किम गू यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांना त्यात कायमच्या फाळणीचा धोका दिसला आणि त्यांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला.

१० मे १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली केवळ दक्षिणेत निवडणूक झाली. या कामासाठी नेमलेल्या आयोगाचे पहिले अध्यक्ष भारताचे के.पी.एस. मेनन होते. राष्ट्रीय सभेने ऱ्ही यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड केली व १५ ऑगस्ट १९४८ रोजी कोरिया प्रजासत्ताकाची घोषणा झाली. ९ सप्टेंबरला किम इल-सुंग यांच्या नेतृत्वाखाली उत्तरेतही वेगळे राज्य उभे राहिले. दोन्ही सरकारे संपूर्ण कोरियावर हक्क सांगत होती. याच काळात जेजू बेटावरील उठाव दडपताना हजारो नागरिक मारले गेले. दुसरीकडे, जमीनदारांची अतिरिक्त जमीन कसणाऱ्यांना देणारा कायदाही याच राजवटीत झाला.

कोरियन युद्ध

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने आक्रमण केले. २७ जूनच्या पहाटे ऱ्ही सोल सोडून गेले. नागरिकांनी घाबरू नये असे आश्वासन देणारे त्यांचे भाषण मात्र त्याच रात्री रेडिओवरून ऐकवण्यात आले. काही तासांतच दक्षिण कोरियाच्या सैन्याने हान नदीवरील पूल उडवला. पुलावरील अनेक लोक दगावले, तर असंख्य नागरिक शहरात अडकले. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत साम्यवादी असल्याच्या संशयावरून सरकारी दलांनी हजारो लोकांची विनाचौकशी हत्या केली. या हत्यांची अधिकृत चौकशी होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

जुलैमध्ये ऱ्ही यांनी सैन्याचे युद्धसंचालन जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्याकडे सोपवले. इंचॉन येथील सप्टेंबरमधील चढाईनंतर सोल परत मिळाले. पण चीन युद्धात उतरल्याने जानेवारी १९५१ मध्ये ते पुन्हा गमवावे लागले व मार्चमध्ये पुन्हा जिंकावे लागले. तात्पुरती राजधानी बुसान येथे असताना १९५२ मध्ये ऱ्ही यांनी लष्करी कायदा पुकारला, विरोधी प्रतिनिधींना अटक करवली आणि राष्ट्राध्यक्षाची निवड थेट मतदानाने होईल अशी घटनादुरुस्ती करून घेतली.

शस्त्रसंधीला विरोध

जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. देश दुभंगलेला ठेवून युद्ध थांबवणे ऱ्ही यांना मान्य नव्हते. १८ जून १९५३ रोजी त्यांनी साम्यवादी राजवटीकडे परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २७ हजार युद्धकैद्यांना परस्पर सोडून दिले, त्यामुळे करार मोडण्याची वेळ आली. अखेर २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. तिच्यावर दक्षिण कोरियाची स्वाक्षरी नाही. तिला अडथळा न करण्याच्या मोबदल्यात ऱ्ही यांनी अमेरिकेकडून परस्पर संरक्षण करार व मोठे आर्थिक साहाय्य मिळवले. १ ऑक्टोबर १९५३ रोजी झालेला हा करार आजही दक्षिण कोरियाच्या सुरक्षेचा आधार आहे.

मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या उर्वरित कैद्यांची जबाबदारी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आली. त्याचे अध्यक्ष भारताचे जनरल के.एस. थिमय्या होते, तर कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मराठी सेनानी मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. भारताच्या तटस्थ धोरणावर ऱ्ही यांचा रोष होता. त्यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने सेनारहित पट्ट्यात नेण्यात आले.

सत्तात्याग व मृत्यू

१९५४ मध्ये पहिल्या राष्ट्राध्यक्षास मुदतीची मर्यादा लागू नसावी, अशी घटनादुरुस्ती मांडण्यात आली. २०३ सदस्यांच्या सभागृहात तिला १३५ मते पडली. दोन-तृतीयांश संख्या १३५.३३ येत असल्याने ठराव आधी फेटाळला गेला. नंतर अपूर्णांक सोडून तो संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९५६ च्या निवडणुकीतील प्रतिस्पर्धी चो बाँग-आम यांना १९५९ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून फाशी देण्यात आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

मार्च १९६० च्या निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध मासान येथे निदर्शने झाली. त्यांत बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याचा मृतदेह एप्रिलमध्ये समुद्रात सापडला आणि देशभर संताप उसळला. १९ एप्रिल रोजी सोलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अनेक विद्यार्थी ठार झाले. २६ एप्रिल रोजी ऱ्ही यांनी पद सोडण्याची घोषणा केली. मे महिन्यात ते हवाईला गेले आणि तेथेच १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

ऱ्ही यांच्याविषयी दक्षिण कोरियात आजही एकमत नाही. प्रजासत्ताकाची स्थापना, जमीनसुधारणा, प्राथमिक शिक्षणाचा प्रसार आणि अमेरिकेशी झालेला करार ही त्यांची कामगिरी मानली जाते. नागरिकांच्या हत्या, विरोधकांचे दमन आणि घटनेची मोडतोड यांचा दोषही त्यांच्याकडे जातो. ज्या हट्टामुळे युद्धाने पोळलेल्या लहानशा देशाला महासत्तेकडून संरक्षणाची हमी मिळाली, त्याच हट्टाने त्या देशातील लोकशाही दुबळी केली. अखंड कोरियाचे त्यांचे ध्येय अपुरेच राहिले आणि ज्या प्रांतात ते जन्मले, तो आजही सीमेपलीकडे आहे.