डार्मस्टाटची अ‍ॅलिस आणि न थांबणारं रक्त



डार्मस्टाटच्या माथिल्डनह्योह टेकडीवरचं सोनेरी घुमटांचं रशियन चर्च आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. रशियाचा झार दुसरा निकोलस याने ते बांधून घेतलं, कारण त्याची बायको ही डार्मस्टाटची लेक. आज तिच्या आईविषयी थोडंसं.

अ‍ॅलिस ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची मुलगी. जन्म २५ एप्रिल १८४३. हेसच्या लुडविगशी १८६२ मध्ये लग्न झालं आणि ती डार्मस्टाटला आली. सासरी पैशाची ओढाताण होती, पण ती स्वस्थ बसणारी नव्हती. १८६६ च्या युद्धात तिने जखमींच्या शुश्रूषेची सोय केली आणि १८६७ मध्ये परिचारिका तयार करणारी महिला संस्था काढली. तिच्या नावाचं अ‍ॅलिस हॉस्पिटल डार्मस्टाटमध्ये आजही आहे.

तिचा धाकटा भाऊ लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक कमी, त्यामुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही. तोच आजार तिच्या मुलात, फ्रिटीमध्ये उतरला. १८७३ मध्ये त्याच्या कानाला छोटी जखम झाली आणि रक्त तीन दिवस वाहत राहिलं. त्याच वर्षी २९ मे रोजी तो खेळता खेळता खिडकीतून पडला. पडूनही तो जिवंत होता, पण मेंदूतल्या रक्तस्रावाने काही तासांत गेला. वय तीन वर्षंही नव्हतं. अ‍ॅलिस या दुःखातून कधी सावरली नाही. १८७८ मध्ये घरात घटसर्प शिरला. आधी धाकटी मारी गेली, मग १४ डिसेंबरला आजाऱ्यांची सेवा करणारी अ‍ॅलिसही. वय अवघं ३५.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलींकडे दोन एक्स, म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत एक बॅकअप असतो. मुलाकडे तो नसतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची शक्यता निम्मी. अ‍ॅलिसच्या आयरीन आणि अलिक्स या मुली वाहक निघाल्या. अलिक्सचा मुलगा म्हणजे रशियाचा युवराज अलेक्सेई. आयरीनचा वाल्डेमार ५६ वर्षं जगला, पण मे १९४५ मध्ये म्युनिकजवळ टुट्झिंगला वेळेवर रक्त न मिळाल्याने गेला. हा आजार हिमोफिलिया बी होता, हे २००९ मध्ये रोमानोव्ह कुटुंबाच्या अवशेषांच्या डीएनए तपासणीतून कळलं.

आज हाच घटक इंजेक्शनने घरच्या घरी घेता येतो. बॉन आणि फ्रँकफुर्टच्या विद्यापीठ रुग्णालयांत यासाठी खास केंद्रं आहेत. मुलाला कारण नसताना मोठे काळेनिळे डाग पडत असतील, सांधे सुजत असतील, किंवा मुलीला पाळीत फार रक्तस्राव होत असेल तर 'अंगावर काढू नका'. हाउसआर्त्स्टकडून रक्त गोठण्याच्या तज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. घराण्यात कुणाला आजार नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. आणि आईला बोल तर अजिबात लावू नका. तपासणीसाठी रक्ताचा एक नमुना पुरतो. अ‍ॅलिसच्या काळी तेवढंही शक्य नव्हतं.