डॉ. सालिम अली : गणितात अडलेला जीवशास्त्राचा विद्यार्थी

अकरावीला जीवशास्त्र घेतले की घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो : डॉक्टर होणार ना? आणि वैद्यकीय प्रवेश हुकला की मुलाची दोन वर्षे वाया गेली असे मानणारे पालकही आपल्यात कमी नाहीत. अशा घरांत डॉ. सालिम अलींचे चरित्र अवश्य वाचले जावे.

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. शाळकरी वयात छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना; पण त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले आणि मुलाला पुढची वाट दिसली. पालकहो, यात मामांचा वाटा केवढा, ते पाहा.

शाळेत मात्र हा मुलगा हुशार गणला गेला नाही. डोकेदुखीने शिक्षण वारंवार खंडित झाले. 1913 साली मॅट्रिक कसेबसे पार पडले, आणि कॉलेजात पहिल्याच वर्षी बीजगणित व लॉगॅरिथमपुढे त्यांनी हात टेकले. ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर दावर कॉलेजात हिशेबनिशी शिकू लागले. सेंट झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला व प्राणिशास्त्र शिकण्यास त्यांचे मन वळवले. एकीकडे जमाखर्च, दुसरीकडे प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला.

तरी विद्यापीठाची पदवी नव्हतीच. त्यापायी सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. 1926 साली मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! पत्नी तहमीना बेगम यांनी या पडत्या काळात पूर्ण साथ दिली. अलिबागजवळच्या किहीम गावी दोघांनी बिऱ्हाड केले.

तेथे जवळच सुगरणींची वसाहत होती. 1930 च्या पावसाळ्यात बेकार सालिम अली रोज तासन्‌तास ती घरटी निरखू लागले. नर घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येऊन पारखतात. एखादीने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो. शेजारच्या विहिरीवर लोंबणाऱ्या घरट्यांतला हा व्यवहार तोवर कोणी इतका नीट नोंदवला नव्हता. त्यासाठी कसलेही महागडे उपकरण लागले नाही. प्रॅक्टिकलचे जर्नल मित्राच्या वहीवरून उतरवणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील गाजलेले पुस्तक निघाले. पुढे अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ झाला. 1976 साली पद्मविभूषण मिळाले. 20 जून 1987 रोजी ते निवर्तले.

एक पक्षी मात्र त्यांना गवसला नाही, आणि तो नेमका आपल्या भागातला! रानपिंगळ्याचे नमुने 1880 च्या सुमारास डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागातून गोळा केले होते. त्यानंतर पक्षी दिसेना. 1970 च्या दशकात सालिम अली व रिप्ले यांनी शोध घेतला, पण व्यर्थ. 1914 साली गुजरातेत मांडवीला तो मिळाल्याची एक नोंद होती, तिने साऱ्यांनाच चकवले. ती कर्नल माइनरट्झहागेन यांची. 1937 साली सालिम अलींनी याच गृहस्थांबरोबर अफगाणिस्तानचा दौरा केला होता! त्यांनी डेव्हिडसनचाच एक नमुना लंडनच्या संग्रहातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती.

ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने उघड केली. मग खऱ्या नोंदींच्या आधारे त्या साथीदारांसह शोधाला निघाल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी, सालिम अलींच्या निधनानंतर दहा वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी भर उजेडात एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता.