उजेडाचा डॉक्टर

वैजापुरात राहून उन्हाचं कौतुक ऐकायला कुणाला आवडेल? मे महिन्यात भर दुपारी रोटेगाव स्टेशनवर गाडीची वाट बघत उभं राहिलात की कळतं. तोंडाला स्कार्फ, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, तरी गाडी येईपर्यंत चेहरा भाजून निघतो. आपल्याकडे ऊन ही टाळायची गोष्ट आहे.

पण मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ झाली आणि डॉक्टरांनी त्याला निळ्या लाइटखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त डायपर. दोन दिवसांत पिवळेपणा उतरला. असं एखादं बाळ तुमच्याही नात्यात असेलच. कातडीत साठलेल्या पिवळ्या द्रव्यावर, म्हणजे बिलिरुबिनवर, उजेड पडला की त्याचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडू शकतं. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत होते, उजेडाने आजार बरा करायचं हे पहिल्यांदा कुणी एवढं मनावर घेतलं असेल? शोधत गेले आणि एक माणूस सापडला. निल्स फिन्सेन. गेला तेव्हा फक्त ४३ वर्षांचा होता.

वर्गात मागे पडणारा मुलगा

फिन्सेनचा जन्म १५ डिसेंबर १८६० चा, फेरो बेटांवरच्या तोर्शाव्हन गावातला. नकाशात स्कॉटलंड आणि आइसलँडच्या मधे समुद्रात जे ठिपके दिसतात, ती ही बेटं. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. आपण उन्हाला वैतागतो, त्याला ते बघायला मिळणंही मुश्कील. घराणं मूळचं आइसलँडचं, वडील सरकारी अधिकारी. तो चार वर्षांचा असताना आई गेली.

शिकायला त्याला डेन्मार्कमधल्या एका शाळेत पाठवलं. तिथल्या मुख्याध्यापकांचं त्याच्याबद्दलचं मत असं होतं, की पोरगा मनाने चांगला आहे, पण कुवत बेताची आणि अंगात उत्साह नाही. मग त्याला आइसलँडला रेक्याविकच्या शाळेत घातलं. तिथल्या शेवटच्या परीक्षेत तो १५ मुलांमध्ये ११वा आला. या सेमिस्टरला तुमचा एखादा विषय राहिला असेल, तर हा आकडा लक्षात ठेवा. १८८२ मध्ये तो कोपनहेगनला मेडिकलला गेला आणि १८९० मध्ये डॉक्टर झाला.

हातावरची शाई

मेडिकलला असतानाच त्याची तब्येत ढासळायला लागली. राहायची खोली उत्तरेकडे तोंड असलेली, तिथे ऊन यायचंच नाही. थकवा असायचा, रक्त कमी झालेलं. उन्हात बसलं की बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. समोरच्या छपरावर एक मांजर बसायचं आणि सावली सरकली की तेही उन्हाकडे सरकायचं, ते बघून त्याचं डोकं चालायला लागलं, असंही सांगतात.

मग त्याने प्रयोग केला स्वतःवरच. हातावर काळ्या शाईचा पट्टा रंगवला आणि हात उन्हात धरला. नंतर शाई पुसली. पट्ट्याखालची कातडी पांढरीच राहिली होती, आजूबाजूची लाल झाली होती. काही दिवसांनी शाई न लावता तोच हात पुन्हा उन्हात धरला. आता लाल झाला तो पांढरा पट्टा, आणि आधी रापलेला भाग टिकून राहिला. म्हणजे उजेड कातडीत काहीतरी बदल करतो आणि कातडी स्वतःला वाचवायलाही शिकते. हा प्रयोग तुम्हीही नकळत केलाय. मनगटावरचं घड्याळ काढून बघा.

पास झाल्यावर तो विद्यापीठात शरीररचना विभागात काम करायला लागला, पण १८९३ मध्ये नोकरी सोडली आणि मेडिकलच्या मुलांच्या शिकवण्या घेत उजेडाच्या मागे लागला. सुरुवातीला त्याने देवीच्या रुग्णांना लाल उजेडाच्या खोलीत ठेवायचं सुचवलं, म्हणजे व्रण कमी पडतील. तो उपाय पुढे टिकला नाही. टिकला तो दुसरा.

लांडग्याचा रोग

त्या काळी युरोपात त्वचेचा क्षयरोग खूप होता. त्याचं नाव ल्युपस व्हल्गॅरिस. ल्युपस म्हणजे लांडगा, कारण हा रोग नाक, गाल, ओठ कुरतडल्यासारखे खातो. टीबीची औषधं तेव्हा नव्हती. डॉक्टर काय करायचे? तो भाग खरवडायचे, कापायचे किंवा डाग द्यायचे. रोग पुन्हा यायचा आणि चेहऱ्यावर ओढलेले, ताठ व्रण उरायचे. असे लोक घराबाहेर पडायचे बंद होत.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये फिन्सेनने कोपनहेगनच्या वीज कंपनीतल्या एका इंजिनिअरवर पहिला उपचार सुरू केला. त्याच्या चेहऱ्यावर आधी बरीच ऑपरेशनं होऊन चुकली होती. फिन्सेनने कार्बनच्या कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीचा, म्हणजे आर्क दिव्याचा, प्रखर उजेड भिंगांनी एका ठिपक्यावर आणला. कातडी भाजू नये म्हणून मधे पाणी ठेवलं. रक्त उजेड अडवतं, म्हणून क्वार्ट्झची चकती कातडीवर दाबून तिथलं रक्त बाजूला सारायचं. एका छोट्या ठिपक्याला तासाहून जास्त वेळ, आणि असं रोज. काही महिन्यांत त्या माणसाचा चेहरा सुधारला.

१८९६ मध्ये कोपनहेगनला फिन्सेनची प्रकाश उपचार संस्था उभी राहिली. पुढच्या पाच वर्षांत तिथे सुमारे ८०० ल्युपस रुग्णांवर उपचार झाले आणि त्यातले बहुतेक बरे झाले. १९०० मध्ये अलेक्झांड्राने असा एक दिवा लंडनच्या हॉस्पिटलला भेट दिला. ती मूळची डेन्मार्कची राजकन्या आणि इंग्लंडची सून. १९०३ मध्ये फिन्सेनला वैद्यकाचं नोबेल मिळालं. डेन्मार्कचं ते पहिलं नोबेल.

चाळ न मोडता

आता मुद्द्याचं. रोग गेला एवढंच असतं तर फिन्सेनचं नाव इतकं झालं नसतं. उजेडाने बरे झालेल्यांचे व्रण मऊ, सपाट आणि फिकट असायचे. माणसाचा चेहरा ओळखू यायचा. हे कसं काय?

आपलं शरीर नुसत्या पेशींचं नाही. पेशींच्या भोवती कोलॅजनसारख्या धाग्यांची जाळी असते. कातडीचा आकार, ताण, मऊपणा तिच्यामुळे. कांदाचाळ डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे कांदे, जाळी म्हणजे चाळ. कांदा सडला तर तो उचलून टाकायचा, चाळ पेटवायची नाही. कापणं आणि डागणं म्हणजे चाळ पेटवणं. मग शरीर घाईघाईत जाड धाग्यांचं ठिगळ लावतं आणि ते आकसतं. पापणी खाली ओढली जाते, ओठ वाकडा होतो. चाळ उभी राहिली तर नव्या पेशी तिच्यावर बऱ्यापैकी आपापल्या जागी वाढतात.

आपले किरण जंतूंना थेट मारतात, असं फिन्सेनला वाटायचं. २००५ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्याची जुनी भिंगं तपासली. कळलं ते असं, की जंतुनाशक अतिनील किरण त्यातून जातच नव्हते. मग रोग बरा कसा झाला? टीबीच्या जंतूंमध्ये पॉर्फिरीन नावाचं द्रव्य असतं. त्यावर उजेड पडला की जवळच्या ऑक्सिजनचं एक तिखट रूप तयार होतं. ते अगदी क्षणभर टिकतं, जिथे तयार झालं तिथेच मार करतं आणि संपतं. संशोधकांच्या मते फिन्सेनच्या दिव्याने बहुधा हेच घडवलं.

आज फोटोडायनॅमिक थेरपीत हेच मुद्दाम करतात. आधी औषध, मग उजेड, आणि सोबत पेशीतला ऑक्सिजन. त्वचेच्या काही कॅन्सरवर ती वापरतात. कॅन्सरच्या पेशी मरतात, कोलॅजनची जाळी बरीचशी वाचते. पण जाळी अगदी तशीच राहते असंही नाही. ती विणणाऱ्या पेशींवर उजेडाचा परिणाम होतो, त्या जुने धागे तोडणारी द्रव्यं सोडतात आणि नवे धागे विणतात. मात्रा खोलवर गेली तर उलटही होतं. अन्ननलिकेवर हा उपचार घेतलेल्या काही रुग्णांची नलिका व्रणामुळे अरुंद होते.

डोळ्यांच्या एका उपचारात तर निशाणा जाळीच असते. केराटोकोनसमध्ये बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येतो. त्यावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, थेंब टाकून अतिनील उजेड देतात. कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नव्या गाठी बसतात आणि पडदा घट्ट होतो. ही तपासणी बहुतेक तुमच्याच वयात लागते, म्हणून चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि मोजमाप नसलेला उजेड काय करतो, ते शेतात दिसतं. आयुष्यभर उन्हात राबलेल्या एखाद्या आजोबांची मान मागून बघा. कातडी जाड, खोल रेषांच्या चौकटी पडलेली. शर्टाखालची कातडी मात्र नितळ. त्याच उन्हाने तीच जाळी वर्षानुवर्षं मोडली. त्यामुळे हा लेख वाचून कुणी उन्हात बसून घरगुती उपचार सुरू करू नका.

स्वतःचीच जाळी

फिन्सेनच्या आजाराचं काय झालं? त्याच्या हृदयावरची, यकृतावरची, प्लीहेवरची आवरणं हळूहळू जाड आणि कडक होत होती. ही आवरणंही अशाच धाग्यांची. ज्याने दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरची जाळी वाचवली, त्याच्या पोटात आणि छातीत तीच जाळी घट्ट आवळत होती. तिथे त्याचा दिवा पोचणार नव्हता. पोटात पाणी साठायचं, ते पुन्हा पुन्हा काढावं लागायचं. शेवटची वर्षं व्हीलचेअरवर गेली.

पण तो वैतागून बसला नाही. रोजचं खाणं-पिणं वजन करून घ्यायचा, मीठ मोजून कमी करायचा आणि सगळं लिहून ठेवायचा. १९०४ मध्ये त्याने शेवटचा निबंध लिहिला, तो शरीरात साठणाऱ्या मिठावर. रुग्ण तोच, संशोधक तोच. नोबेलच्या पैशांतला मोठा वाटा त्याने संस्थेला आणि हृदय-यकृताच्या रुग्णांच्या दवाखान्याला देऊन टाकला. २४ सप्टेंबर १९०४ ला तो गेला.

पुढे टीबीवर गोळ्या आल्या आणि ल्युपससाठी त्याचे दिवे लागेनासे झाले. पण उजेड दवाखान्यात राहिला. मावसबहिणीचं ते बाळ आता घरभर रांगतं. पुढच्या वेळी निळ्या लाइटखाली झोपलेलं बाळ दिसलं, तर १५ मुलांत ११व्या आलेल्या या डॉक्टरची आठवण काढा.