बाबूराव पेंटर

बाबूराव पेंटर (मूळ नाव : बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म : ३ जून १८९०, कोल्हापूर, मृत्यू : १६ जानेवारी १९५४, कोल्हापूर) हे चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार व मूकपटांच्या काळातील अग्रगण्य मराठी चित्रपट दिग्दर्शक होते. कोल्हापूर येथील महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक होत. भारतीय चित्रपटात ऐतिहासिक विषयाला वास्तवदर्शी नेपथ्य, वेशभूषा व प्रकाशयोजना यांची जोड देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मात्र ज्या कथांना त्यांनी हे वास्तव रूप दिले, त्यांपैकी अनेक कथा इतिहासाच्या समकालीन साधनांपेक्षा कादंबरी, पोवाडा व दंतकथा यांवर आधारलेल्या होत्या. त्यामुळे ऐतिहासिक चित्रपटातील सत्य व भव्यता यांच्या संबंधाचा विचार करताना त्यांच्या कार्याचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

सुरुवातीचे जीवन

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरातील एका कारागीर कुटुंबात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम व मूर्तिकाम यांत निष्णात होते. घरातील या वातावरणामुळे लाकूड, धातू, माती व रंग हाताळण्याचे शिक्षण बाबूरावांना लहानपणीच मिळाले. चित्रकलेचे व शिल्पकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. निरीक्षण व सराव यांतूनच त्यांनी या कला आत्मसात केल्या. चुलतभाऊ आनंदराव हेही कुशल चित्रकार होते. दोघे बंधू एकत्र काम करीत व पुढे दोघेही 'पेंटर' याच नावाने ओळखले जाऊ लागले.

रंगभूमीवरील काम

१९१० ते १९१६ या काळात संगीत रंगभूमी भरभराटीला आली होती. नाटक मंडळ्यांना राजवाडा, उद्यान, अरण्य, रस्ता अशा दृश्यांचे रंगविलेले पडदे लागत. आनंदराव व बाबूराव यांनी असे पडदे रंगविण्यात मोठा लौकिक मिळविला. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसह अनेक नाटक कंपन्यांसाठी त्यांनी काम केले. सपाट कापडावर खोलीचा व अंतराचा भास निर्माण करणे हे या कामातील मुख्य कौशल्य होते. या भासाची मर्यादाही बाबूरावांना याच काळात उमगली असावी, कारण चित्रपटात आल्यावर त्यांनी रंगविलेल्या पडद्याची जागा घडीव नेपथ्याला दिली.

कॅमेरा आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. तो पाहून पेंटर बंधूंना चित्रपटाची ओढ लागली. त्यांनी एक प्रक्षेपक मिळविला, चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला आणि त्याचबरोबर यंत्राची रचना समजून घेऊन स्वतः कॅमेरा बनविण्याचा प्रयत्न सुरू केला. हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी प्रयत्न सोडला नाही. सहकारी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये त्यांनी चित्रीकरणास योग्य असा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या उभारणीसाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रयही कंपनीला लाभला. दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम व केशवराव धायबर हे पुढे प्रसिद्धीस आलेले कलावंत याच कंपनीत तयार झाले. कंपनीत कामाची काटेकोर विभागणी नव्हती. एकाच माणसाला नेपथ्य रंगविणे, कॅमेऱ्याला हात लावणे, फिल्म धुणे व प्रसंगी भूमिका करणे ही सर्व कामे करावी लागत.

'सैरंध्री'

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यातील आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्या काळी स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार नसत व स्त्री भूमिका पुरुषच करीत. बाबूरावांनी गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघींना भूमिका दिल्या. त्या अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्यासाठी दोघींना समाजाचा रोषही सहन करावा लागला.

महाभारतातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटणारे होते, की प्रेक्षक हादरून गेले व परिनिरीक्षण मंडळाने तो भाग वगळण्यास सांगितला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. दृश्य खरे वाटावे हा बाबूरावांच्या कलेचा गाभा पहिल्याच चित्रपटात स्पष्ट झाला.

ऐतिहासिक चित्रपट

१९२३ मध्ये 'सिंहगड' प्रदर्शित झाला. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा किल्ला घेताना दिलेले बलिदान हा त्याचा विषय होता. कथेचा आधार हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी होती. रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळातील चित्रीकरणात ही नवी गोष्ट होती. चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहून सरकारचे या व्यवसायाकडे लक्ष गेले असे सांगितले जाते. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ मध्येच झाला व त्याचा संबंध अनेकदा या चित्रपटाच्या यशाशी जोडला जातो.

त्यानंतर 'कल्याण खजिना' व 'सती पद्मिनी' (दोन्ही १९२४), 'राणा हमीर' (१९२५) आणि 'बाजीप्रभू देशपांडे' (१९२९) हे ऐतिहासिक चित्रपट आले. कंपनीच्या 'नेताजी पालकर' (१९२७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात व्ही. शांताराम यांचा सहभाग होता. १९२४ मध्ये लंडनजवळील वेम्बली येथे भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात कंपनीच्या चित्रपटांचे कौतुक झाले.

परकीय राजवटीच्या काळात या चित्रपटांना मनोरंजनापलीकडचा अर्थ होता. उघडपणे राजकीय विषय मांडणे शक्य नसताना शिवकालीन पराक्रमाच्या दर्शनातून स्वराज्याची आठवण जागी ठेवता येत असे. सरकारलाही याची जाणीव होती. प्रभात कंपनीने पुढे शिवचरित्रावर काढलेल्या चित्रपटाचे 'स्वराज्याचे तोरण' हे नाव परिनिरीक्षकांच्या आक्षेपामुळे बदलून 'उदयकाल' (१९३०) असे करावे लागले.

कार्यपद्धती

बाबूराव चित्रीकरणापूर्वी दृश्यांची रेखाटने काढीत. पात्राचा पेहराव, पागोटे, दागिने, शस्त्र व उभे राहण्याची ढब या रेखाटनांत आधीच ठरलेली असे. वेशभूषेची आखणी ते स्वतः करीत. दरबार, वाडा किंवा तटबंदी यांसाठी ते लांबी, रुंदी व खोली असलेले, प्रत्यक्ष वावरता येईल असे नेपथ्य उभारीत. अशा नेपथ्यात पात्राला खांबाआडून येता येई, त्याची सावली भिंतीवर पडे आणि प्रेक्षकाला त्या जागी कोणीतरी खरोखर राहत असल्याचा प्रत्यय येई. कॅमेऱ्यापुढे गाळण्या वापरून प्रकाशाच्या छटा साधण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्यांनी स्वतः चित्रमय भित्तिपत्रके तयार केली. 'वत्सलाहरण' (१९२१) या चित्रपटासाठी त्यांनी भित्तिपत्रक केले होते. 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटाच्या उपलब्ध चित्रमय भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुने मानले जाते.

इतिहास आणि दंतकथा

बाबूरावांच्या ऐतिहासिक चित्रपटांत दोन प्रकारचे सत्य वेगळे करून पाहावे लागते. वस्तू, पोशाख व वास्तू यांच्या बाबतीत त्यांनी आपल्या काळातील इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणा दाखविला. घटनांच्या बाबतीत मात्र लोकांना परिचित असलेली कथाच त्यांनी स्वीकारली.

'सिंहगड'चा आधार असलेल्या कादंबरीत उदयभानूच्या कैदेत सापडलेल्या कमलकुमारी या रजपूत स्त्रीचे कथानक आहे. ते लेखकाच्या कल्पनेतील आहे. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची कथा पोवाड्यातून लोकप्रिय झाली. किल्ल्याचे सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर पडले असा सर्वसाधारण समज असला, तरी ते नाव त्यापूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते.

'कल्याण खजिना'त कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची प्रसिद्ध कथा आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतली ही घटना इतिहाससिद्ध आहे. सुनेला सन्मानाने परत पाठविल्याच्या प्रसंगाला मात्र समकालीन साधनांत आधार मिळत नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्त्रियांविषयीच्या महाराजांच्या धोरणाशी ही कथा सुसंगत असल्याने ती लोकमानसात रुजली. 'सती पद्मिनी'बाबतही असेच म्हणता येते. अलाउद्दीन खलजीने १३०३ मध्ये चितोड जिंकले. पण त्या मोहिमेचे वर्णन करणाऱ्या समकालीन अमीर खुसरोच्या लेखनात पद्मिनीचा उल्लेख नाही. तिची सविस्तर कथा मलिक मुहम्मद जायसी यांच्या 'पद्मावत' या १५४० मधील काव्यात येते.

बाबूरावांच्या काळी मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन घडत होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी शिवाजी महाराजांचे अस्सल मानले जाणारे चित्र १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित होते. 'सिंहगड' पडद्यावर आला तेव्हा महाराजांच्या चेहऱ्याविषयीही समाजात निश्चित माहिती नव्हती.

पडद्यावरील खरेपणाचा एक परिणाम असा होतो, की बारकाव्यांनी सजविलेली दंतकथा प्रेक्षकाला इतिहासच वाटू लागते. पोवाडा ऐकणाऱ्याला शाहिराची अतिशयोक्ती ओळखता येते. पण खऱ्यासारखी तटबंदी, तलवार व मशालीचा उजेड डोळ्यांपुढे आल्यावर ही सावधगिरी कमी होते. छत्रपती संभाजी महाराजांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. नाटके व चित्रपट यांनी त्यांची विलासी राजपुत्र अशी प्रतिमा दृढ केली होती. बेंद्रे यांनी साधनांच्या आधारे लिहिलेले चरित्र १९६० मध्ये प्रकाशित झाल्यानंतर ती बदलण्यास सुरुवात झाली.

'सावकारी पाश'

१९२५ मध्ये बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा सामाजिक चित्रपट काढला. कथा नारायण हरि आपटे यांची होती. सावकाराच्या कपटामुळे जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेल्या शेतकऱ्याची ही कहाणी असून तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. दरबार, दागिने व युद्धे नसलेल्या या चित्रपटात बाबूरावांची वास्तवाची दृष्टी वर्तमानाकडे वळली होती. जाणकारांनी त्याची प्रशंसा केली, तरी पौराणिक व ऐतिहासिक भव्यतेला सरावलेल्या प्रेक्षकांचा फारसा प्रतिसाद मिळाला नाही. बाबूराव पुन्हा जुन्या विषयांकडे वळले. आज मात्र हा चित्रपट भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ म्हणून गौरविला जातो. १९३६ मध्ये बाबूरावांनी त्याची बोलपटातही निर्मिती केली.

कंपनीची अखेर व उत्तरायुष्य

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी कंपनी सोडली आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. या फुटीनंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी सावरली नाही व काही काळाने बंद पडली. याच सुमारास बोलपट सुरू झाले. चित्रपट ही मुख्यतः दृश्यकला आहे अशी बाबूरावांची धारणा असल्याने त्यांना ध्वनीचे आकर्षण वाटले नाही. त्यांनी बोलपट केले, पण मूकपटातील प्रभाव त्यांना पुन्हा लाभला नाही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराच्या 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटाशी ते दिग्दर्शक म्हणून संबंधित होते. पेशवाईतील शाहिराचे जीवन हा त्याचा विषय होता.

उत्तरायुष्यात ते चित्रकला व शिल्पकला यांत अधिक रमले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवाजी महाराजांचा पुतळा हे त्यांच्या प्रसिद्ध शिल्पांपैकी एक होय. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

प्रभातच्या चित्रपटांतील नेपथ्याचा दर्जा ही बाबूरावांच्या तालमीचीच देणगी होती. कोल्हापूरच्या भालजी पेंढारकर यांनी 'छत्रपती शिवाजी' (१९५२) व 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) यांसारख्या चित्रपटांतून ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा पुढे नेली. कोल्हापुरात बाबूरावांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याची प्रतिकृती असलेला स्तंभ उभारण्यात आला आहे. त्यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले असून काहींचे थोडे अंशच शिल्लक आहेत. त्यामुळे छायाचित्रे, भित्तिपत्रके व समकालीनांच्या आठवणी हीच त्यांच्या कामाच्या अभ्यासाची प्रमुख साधने उरली आहेत.

त्यांनी हाताळलेले विषय आजही पडद्यावर येतात. 'पद्मावत' (२०१८) व 'तान्हाजी' (२०२०) या चित्रपटांच्या निमित्ताने इतिहास व कल्पना यांविषयी झालेल्या वादांत 'सती पद्मिनी' व 'सिंहगड' यांच्याच कथा पुन्हा चर्चेत आल्या. साधनांची उपलब्धता आता कितीतरी वाढली आहे. त्यामुळे दंतकथेला इतिहास म्हणून सादर करण्याची बाबूरावांच्या काळातील सबब आजच्या निर्मात्यांना लागू होत नाही.

निवडक चित्रपट

मूकपट
- सैरंध्री (१९२०)
- वत्सलाहरण (१९२१)
- सिंहगड (१९२३)
- कल्याण खजिना (१९२४)
- सती पद्मिनी (१९२४)
- राणा हमीर (१९२५)
- सावकारी पाश (१९२५)
- मुरलीवाला (१९२७)
- बाजीप्रभू देशपांडे (१९२९)

बोलपट
- उषा (१९३५)
- सावकारी पाश (१९३६)
- प्रतिभा (१९३७)
- साध्वी मीराबाई (१९३७)
- रुक्मिणी स्वयंवर (१९४६)
- लोकशाहीर रामजोशी (१९४७)
- विश्वामित्र (१९५२)