आगस्तीनाचें पहिलें घर

विवाह व देहवासना यांविषयीं पश्चिमेकडील मंडळीनें जें शिक्षण दिलें, त्यावर हिप्पोचा बिशप आगस्तीन याच्याइतकी छाप प्रेषितांनंतर क्वचितच कोणाची पडली असेल. परंतु हा पुरुष ज्या घरांत एकनिष्ठा शिकला, तें घर विवाहाचें नव्हतें.

उत्तर आफ्रिकेंत, हल्लींच्या अल्जीरिया देशांत, थागास्ते या गांवीं इ. स. ३५४ मध्यें त्याचा जन्म झाला. बाप पात्रिकियस थोड्याशा जमिनीचा धनी, मूर्तिपूजक व तापट. आई मोनिका ख्रिस्ती. सोळाव्या वर्षीं पैशाअभावीं शिक्षण थांबून आगस्तीन घरीं रिकामा बसला. मुलगा वयांत आला हें पाहून बाप नातवंडांच्या आशेनें हरखला. आईनें परस्त्रीपासून दूर राहण्याची ताकीद दिली. पण बायकोचें ओझें अंगावर पडलें तर विद्या अडेल, या भीतीनें तिनेंहि त्याचें लग्न केलें नाहीं. मोनिकेच्या प्रार्थनांविषयीं आपण नेहमीं ऐकतों. ही तिची चूकहि मुलानेंच लिहून ठेविली आहे.

कार्थेज शहरीं शिकावयास गेल्यावर त्यानें एक स्त्री घरांत आणिली. हलक्या स्थितीच्या स्त्रीस लग्नावांचून असें ठेवून घेतल्यास त्या काळीं रोमी समाज फारशीं नांवें ठेवीत नसे. सुमारें ३७२ सालीं त्यांस मुलगा झाला. तो नको असतां झाला, पण झाल्यावर बापास त्याचा फार लळा लागला. त्याचें नांव आदेओदातस, म्हणजे आपल्याकडील देवदत्तच. याच सुमारास आगस्तीन मानी पंथाच्या नादीं लागला. देह ही अंधाराची कृति आणि संतति उत्पन्न करणें म्हणजे प्रकाशास तुरुंगांत कोंडणें, असें ते लोक शिकवीत. दिवसा हें ऐकावयाचें आणि सायंकाळीं बायकामुलांत परत जावयाचें! देहाची निंदा केल्यानें वासना आटोपत नाहीं, हें त्यास नऊ वर्षांत कळून चुकलें असावें. तरीपण त्या एका स्त्रीशीं तो चौदा-पंधरा वर्षें एकनिष्ठ राहिला.

३८४ सालीं तो मिलान येथें वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक झाला. बादशहाचा दरबार तेथेंच होता, व मोठ्या हुद्द्याची आशा वाटूं लागली. मोनिकाहि तेथें आली आणि एका चांगल्या घराण्यांतील मुलीशीं त्याची सोयरीक ठरली. मुलगी दहाएक वर्षांची; कायद्याप्रमाणें लग्नास अजून दोन वर्षें अवकाश होता. जुनी सोबतीण आतां आड येऊं लागली, म्हणून तिला आफ्रिकेस परत पाठविण्यांत आलें. पुन्हां कोणाहि पुरुषाचा संग करणार नाहीं असा नवस करून, मुलाला बापाजवळ ठेवून, ती निघून गेली. ज्या जागीं ती त्याच्या काळजास जडली होती तेथें जखम झाली व ती वाहत राहिली, असें तो सांगतो. पण त्याला तीं दोन वर्षेंहि धीर निघेना. त्यानें दुसरी स्त्री आणिली. आईचें, बापाचें, मुलाचें नांव त्याच्या आत्मचरित्रांत सांपडतें. पहिलीचें त्यानें कोठेंच दिलेलें नाहीं.

३८६ मध्यें मिलानच्या बागेंत, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा शेवट वाचून त्याचें मन पालटलें, हें सर्वांस ठाऊक आहे. ठरलेलें लग्न त्यानें सोडून दिलें. पुढील वर्षीं इस्टरच्या रात्रीं अंब्रोज बिशपाच्या हातून बापलेकांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षीं मोनिका वारली, व आफ्रिकेस परतल्यावर लवकरच देवदत्तहि गेला.

बिशप झाल्यावर सुमारें ४०१ सालीं त्यानें विवाहाच्या चांगुलपणावर एक लहान ग्रंथ लिहिला. योविनियन नांवाचा एक संन्यासी, विवाहित व अविवाहित यांची योग्यता देवापुढें सारखीच, असें रोमांत शिकवीत होता. त्यावर यरोमानें असें कडक उत्तर दिलें होतें कीं विवाह म्हणजे जणूं कमी प्रतीचें पापच वाटावें. आगस्तीनानें मधला मार्ग धरिला. संतति, परस्परांशीं इमान आणि न तुटणारें बंधन या तीन गोष्टींमुळें विवाह स्वतःच चांगला आहे. मूल होण्याचें वय सरलें तरी म्हाताऱ्या जोडप्याचा विवाह विवाहच राहतो, असें त्यानें दाखविलें. त्या ग्रंथांत एक परिच्छेद आहे, तो आमच्या मतें सबंध पुस्तकाहून वजनदार. आपल्या पैशास व मानास साजेशी बायको मिळेपर्यंत जो पुरुष एखाद्या स्त्रीस जवळ ठेवितो, तो अंतःकरणानें व्यभिचारी होय, असें तेथें म्हटलें आहे. ती स्त्री मात्र त्याच्याशीं इमान राखील आणि त्यानें दुसरी केल्यावर एकटी शुद्धतेनें राहील, तर तिनें पाप केलें नाहीं असें तो म्हणत नाहीं. पण तिला व्यभिचारिणी म्हणण्यास त्याची लेखणी धजत नाहीं. स्वतःचें नांव त्यानें घातलें नाहीं. घालण्याची गरजहि नव्हती.

संततीच्या हेतूवांचून पतिपत्नींचा संग हा क्षमेस पात्र असला तरी दोषच, हें त्याचें मत त्यानें शेवटपर्यंत सोडलें नाहीं. एक्लानमचा बिशप युलियन याच्याशीं त्यानें याच प्रश्नावर म्हातारपणीं अनेक वर्षें वाद केला. येथें आमच्यानें त्याच्या मागें जाववत नाहीं. त्याचेंच नांव धारण करणाऱ्या संघाचा संन्यासी मार्टिन लूथर यानेंहि १५२५ सालीं लग्न करून ती वाट सोडली.

४३० सालीं वांडाल लोकांनीं हिप्पोस वेढा दिला असतां आगस्तीन आजारी पडला. पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहून त्यानें भिंतीवर लावविलीं, आणि दहाएक दिवस कोणास आंत न येऊं देतां तीं वाचून तो रडत असे. २८ आगस्ट रोजीं त्याचें देहावसान झालें.